सुनेचं सिम

"ताई, तुमी सध्या कोल्हापूर जिल्ह्यात आहा," मोबाइलच्या पडद्यावरची नजर न काढता पोलीस शिपाई जगदेव म्हणाला.

मारिसेल त्याच्यासमोर, स्वतःच्या दारात उभी होती. कडेवर लेक वैभवी, हाताला ज्वारीचं पीठ.

"मी त अठीच हाव, भाऊ."

"ते मले दिसून राह्यलं. याच्यात नाही दिसत ना."

मारिसेल मूळची फिलिपिन्सची. अमरदीप मस्कतला हॉटेलात कामाला होता, तिथं दोघांचं जमलं आणि लग्न करून ती मानोऱ्याजवळच्या या बंजारा तांड्यावर आली. व्हिसा वाढवून मिळावा म्हणून केलेला तिचा अर्ज वर कुठंतरी पडून होता. तो फेटाळला गेला तर तिला देश सोडावा लागणार होता, आणि वैभवीचा तर अजून पासपोर्टही निघालेला नव्हता.

परदेशी माणसानं पासपोर्ट दाखवून घेतलेलं सिम कुठंकुठं फिरतं, हे आता वर कुणीतरी बघत बसलेलं असतं. मारिसेलचं सिम दिवाळीनंतर तांड्यावरून निघालं ते थेट कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात जाऊन बसलं. न कळवता पत्ता सोडला, असा शेरा पडला. म्हणून जगदेव चौकशीला आला होता.

"सिम हाय कोनापाशी?"

"याडीपाशी." सासूला ती अमरदीपसारखंच याडी म्हणायची. "मीच देल्लं. फोनासकट."

"काहून पन?"

यात का म्हणून विचारण्यासारखं काय, हेच तिला कळेना. तांड्यात ऊसतोडीला निघणाऱ्या माणसाला घरातलं चांगलं ते बांधून देतात. जाड गोधडी, न गळणारी घागर, नवा कोयता. मागं राहणाऱ्यांचं काय, भागतं. सासूच्या, रामीबाईच्या जुन्या फोनची बॅटरी टिकत नव्हती, तेव्हा सुनेनं आपला फोन तिच्या गाठोड्यात ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. पोरगी पक्की तांड्याची झाली, असं शेजारणींनी कौतुक केलं होतं. आणि नेमक्या त्याच गोष्टीनं ती सरकारदरबारी फरार झाली.

"फोटो काढून टाका ना साहेब तिचा," आतून बाहेर येत अमरदीप म्हणाला. "घरासमोर. झालं."

जगदेवनं फोटो काढला. ॲपनं तो मुकाट घेतला आणि ओटीपी मागितला. ओटीपी अर्थातच गेला मारिसेलच्या नंबरावर. म्हणजे उसाच्या फडात.

अमरदीपला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. त्यानं आपला फोन स्पीकरवर टाकून आईला लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला तेव्हा रामीबाई धापा टाकत बोलली, फोन खोपीत होता, ती फडात होती. मेसेज आलाय, त्यातले आकडे सांग, म्हणून तो तिच्यावर ओरडला. तिला वाचता येत नाही हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं, तरी ओरडला. ती बिचारी ट्रॅक्टरवाल्याकडे धावली. त्यानं आकडे सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपली होती.

"दुसरा पाठवा."

"थांबा लागते. घाईघाईनं दाबलं त लॉक होते."

सगळे त्या पडद्याकडे बघत थांबले. वैभवी रडायला लागली. तिला थोपटता थोपटता मारिसेलचा बांध फुटला.

"माह्या दारात उभे आहा तुमी. माह्या हातचा चाहा पेले. मंग त्या मशीनले सांगा ना, ही बाई अठी हाय म्हून!"

"मी सांगतलेलं चालत नाही, ताई." जगदेवचा आवाजही चढला. "माह्यावर भरोसा असता त इतली भानगड कायले असती?"

दुसऱ्या वेळी जमलं. ट्रॅक्टरवाल्यानं एकेक आकडा ओरडून सांगितला, जगदेवनं एकेक दाबला. हिरवी खूण उमटली. खाली शेरा आला, 'पत्त्यावर आढळल्या'. अमरदीप मटकन ओट्यावर बसला. मारिसेलनं पोरीला घट्ट धरलं आणि डोळे पुसले, तेव्हा गालाला पीठ लागलं.

"आजचं निभलं," मोबाइल खिशात घालत जगदेव म्हणाला. "पन ते सिम पयले घरी आना. पुन्हा भायेर फिरताना दिसलं त अर्ज गेलाच समजा."

"मंग याडी नातीसंगं कशी बोलन?"

"तिले दुसरं घेऊन द्या. तिच्या नावाचं. ते कुठंबी फिरू द्या सालभर, कोनी पाहत नाही. मावशी काय, अठलीच हाय."

अमरदीपचा फोन ओट्यावर तसाच चालू पडलेला होता. कुणाच्याच ते ध्यानात नव्हतं. त्यातून ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला आणि त्यावरून रामीबाईचा.

"साहेब, मी तठलीच ना?"

जगदेव दचकला. "हो, मावशी. अठलीच."

"मी बी त घरी नाही. दर साली नसतो. मंग मले काहून नाही कोनी हुडकत?"