शेवाळातला नर

“कोणी विश्वास ठेवणार नाही,” टिळे सर माईकवर म्हणाले, “पण त्या दिवशी अंजनेरीच्या कड्यावर माझ्या एका हातात दोर, दुसऱ्या हातात शेवाळ, आणि खाली बिबट्या!”

सभागृहात टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत रोहिणीने, सरांच्या संशोधक विद्यार्थिनीने, हात मांडीवरच ठेवले. नाशिक रोडच्या सत्कारात कड्याखाली नुसतं वानर होतं. आज गंगापूर रोडला येईस्तोवर त्याचा बिबट्या झाला.

शेजारी तिची आई, वत्सलाबाई, खास निफाडहून आलेली. ती कुजबुजली, “रोहे, हे आपल्या मोरीमागचंच शेवाळ नाय का? माझ्या उलथन्यानं खरवाडलं व्हतं तू?”

“तेच.”

“मंग बिबट्या?”

“तो सरांचा.”

तेच शेवाळ. रोहिणीने ते वाळवून, लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून प्रयोगशाळेत आणलं होतं. गाळणीत भिजत ठेवल्यावर त्यातले मेल्यासारखे पडलेले सूत्रकृमी वळवळत पाण्यात उतरले. केसाहून बारीक जंत! एकेकाचं तोंड, शेपूट, पोटातली अंडी मोजता मोजता तिचे डोळे फुटायची वेळ आली, तेव्हा कुठे कळलं की ही जात एकाही पुस्तकात नाही. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तो फोटोपुरता. तिनेच लिहिलेल्या शोधनिबंधावर नाव मात्र त्यांचं एकट्याचं. रोहिणी शेवटी, आभारांत, काचपट्ट्या धुणाऱ्या सनीच्या खालोखाल.

आणि जातीचं नाव? स्वतःच्या शोधाला स्वतःचं नाव कोणी देत नाही, एवढी लाज या धंद्यात पाळतात. रोहिणीने आईचं नाव लिहून दिलं होतं. सरांनी ते खोडून टिळ्यांचं घातलं आणि पुढचं पान न उलटता निबंध पाठवून दिला. आईला हे तिने सांगितलंच नव्हतं. काय तोंडाने सांगणार?

ती खुर्चीतून ताडकन उठली. वत्सलाबाईंनी ओढणी धरून तिला खाली ओढलं.

“गप बस. तुझ्या प्रबंधावर त्याची सही व्हायची हाय अजून. एवढी वर्षं घातली, ती पाण्यात घालती का?”

रोहिणी बसली. दोर गिळला, कडा गिळला, बिबट्यासुद्धा शेपटीसकट गिळला. दात मात्र करकरत राहिले.

सरांना आता चांगलाच रंग चढला होता. “लोक विचारतात, जातीला तुमचंच नाव का? अहो, तिच्यातला नर पाहिलात तर विचारणार नाही! काय रुबाब! आकड्यासारखी शेपूट, आणि मी पाहिला तेव्हा दोन माद्या मागे लागलेल्या. हे पठ्ठे मान वर करून पुढे! म्हटलं, याला शोभेल असं नाव नाशकात एकच. विद्यार्थी तर एका बाईचं नाव सुचवत होते. कोण कुठली वत्सला!”

सभागृह खदखदून हसलं. वत्सलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी लेकीकडे पाहिलं. मग मुठीतली ओढणी सोडली.

“ऊठ,” त्या म्हणाल्या.

रोहिणी उठली. माईक तिला लागलाच नाही.

“सर, तुमच्याच निबंधाचं दुसरं पान वाचा. या जातीत नर नाहीच. सगळ्या माद्या आहेत, आणि त्यांचं त्याच्यावाचून काही अडत नाही.”