नवऱ्याचं काम

"काम लहान आहे, पण तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही," ती बाई म्हणाली.

बागेतल्या बाकावर बसलेले म्हातारे नट मनाशी हसले. काम लहान असलं की माणसं हेच बोलतात, हे ते आयुष्यभर ऐकत आले होते. तरी त्यांनी पिशवी मांडीवर घेऊन तिला बसायला जागा करून दिली. सकाळपासून ते कंपनीच्या गाडीची वाट बघत होते, आणि गाडी काही येत नव्हती.

बाईचा चेहरा ओढलेला होता. ती सांगू लागली. समोरचं घर तिचं. घरात आई असते. वडील दोघींना सोडून गेले, पण आई ते मानायलाच तयार नाही. तिला भ्रम झालाय, रोज दाराकडे डोळे लावून बसते. तर नटांनी आत यावं आणि संध्याकाळपर्यंत तिचा नवरा म्हणून तिच्याजवळ बसावं. एवढंच काम.

"माणसांना फसवतो मी, पण ती तिकीट काढून आलेली असतात," नट म्हणाले. "घरात शिरून कसं फसवू?"

"फसवणं नाही हो, काका. तिला तेवढाच आधार."

तिचा आवाज हलला आणि नट विरघळले. शिवाय काम म्हटलं की त्यांना नाही म्हणता येत नसे. सारा जन्म त्यातच गेला होता. नायिकेचा बाप, नायकाचा थोरला भाऊ, न्यायाधीश, पोस्टमास्तर, मान हलवत चष्मा काढणारा डॉक्टर. नाटक-सिनेमात मिळून त्यांनी इतक्या मुली उजवल्या होत्या की खऱ्या बापाची कंबरच मोडली असती. रस्त्यात लोक थबकत, यांना कुठंतरी पाहिलंय म्हणत, आणि नाव आठवलं नाही की ओशाळून हसत. त्याचं नटांना काही वाटत नसे. कामं लहान असली तरी एकही त्यांनी उरकून टाकलं नव्हतं.

म्हणून आताही त्यांनी आधी चौकशी केली. नवरा बायकोला हाक कशी मारायचा?

"'अगं' म्हणायचे. नावानं कधीच नाही."

चहा बशीत ओतून प्यायचे, ऐकू कमी आलं तरी कबूल करायचे नाहीत, चिडले की गप्प बसायचे, असं तिने सांगितलं. मग घरात नेऊन तिने त्यांना वडिलांचा सदरा दिला. तो अंगाला असा बसला की नटांनी खूश होऊन मान डोलावली. कपडेपट सांभाळणारं माणूस हुशार असावं, म्हणाले.

आणि कपडेपट म्हणताच त्यांचं मन नको तिथे गेलं. पहिल्या नाटक कंपनीत कपडेपटात एक मुलगी होती. प्रवेशाआधी ती त्यांची कॉलर नीट करायची. तिच्या तोंडात टाचण्या धरलेल्या, त्यामुळे तिला बोलता यायचं नाही. यांच्या तोंडात काहीच नसायचं, तरी यांनाही बोलता यायचं नाही. दौऱ्याच्या शेवटच्या प्रयोगाला तिला विचारायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यानंतर ती दिसल्याचं त्यांना आठवत नव्हतं. दुसऱ्यांच्या बायकांचे नवरे होण्यात दिवस निघून गेले.

आतल्या खोलीत खिडकीपाशी म्हातारी बसली होती. पावलं ऐकून तिने वळून पाहिलं.

"आलात? उशीर केलात."

"अगं, वाटेत एक जण भेटला," नट म्हणाले.

तिने चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतला. घटकाभराने तिने पुन्हा विचारलं, उशीर का केलात, आणि त्यांनी पुन्हा तेवढ्याच शांतपणे उत्तर दिलं. बोलता बोलता ते सवयीने तिच्याकडे नटाच्या नजरेने बघत होते. वाट बघण्याचे अभिनय त्यांनी पुष्कळ पाहिले होते. नट्या उसासे टाकतात, पदर चाळवतात. ही नुसती बघत होती, आणि बघताना तिला पापणी मिटायचंही सुचत नव्हतं. हे करून दाखवता येत नाही, त्यांना वाटलं. ज्याची ही वाट बघते तो माणूस भाग्याचा.

दुपार कलली. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि इतक्या वर्षांत झालं नव्हतं ते झालं. नट भूमिकेतून बाहेर आले.

"मी एका मुलीला विचारणार होतो," ते हलकेच म्हणाले. "कपडेपटात होती. राहूनच गेलं."

म्हातारीने त्यांचा हात घट्ट धरला.

"तिनं हो म्हटलं असतं," ती म्हणाली.

"तुम्हाला काय ठाऊक?"

तिची नजर एकदम खिडकीकडे गेली. "उशीर केलात आज," ती म्हणाली.

चुकलंच आपलं, नटांना वाटलं. बिचारीला उगाच गोंधळात टाकलं. "हो गं, झाला खरा उशीर," म्हणून त्यांनी भूमिका पुन्हा सावरली. तिचा हात मात्र त्यांनी सोडला नाही. खुर्चीत बसल्या बसल्याच त्यांचा डोळा लागला.

म्हातारीने हात अलगद सोडवून घेतला. त्यांच्या अंगावर शाल घातली, कॉलर सारखी केली आणि कपबशा उचलून ती ताठ पावलांनी स्वयंपाकघरात गेली. मुलगी तिथे वाटच बघत होती.

"काय म्हणाले बाबा?"

"मला लग्नाचं विचारायचं त्यांच्याकडून राहून गेलं म्हणाले," ती म्हणाली. कपबशा विसळून तिने पालथ्या घातल्या. "उद्याही त्यांना हेच काम सांग. खरं सांगितलं की ते या घरात पाऊल ठेवत नाहीत."