रोहिणीला न्यायला

चपला न काढताच तुळजाबाई आतल्या खोलीत शिरली. दिंद्रुडच्या या घरात ती आजवर अशी कधी घुसली नव्हती.

रोहिणी भिंतीकडे तोंड करून पडली होती. केसांचा गुंता झालेला, कपाळाला अंगारा, दंडाला काळा दोरा. कुशीत तान्हं लेकरू रडून रडून लाल झालेलं, आणि हिचा हात काही हलत नव्हता.

"कधीपसनं आशी पडलीय?"

"बाळंत झाल्यापसनं," घरधनीण भिवराबाई दारातून म्हणाली. "नाटकं हायती समदी. आमी न्हाई का बाळंत झालो?"

"आन् हा अंगारा?"

"बाहेरचं हाय म्हणं. उतारा टाकलाय दोनदा."

"नाटक हाय का बाहेरचं हाय, ते तरी एकदा ठरवा! दवाखान्यात कावून न्हाई नेलं?"

भिवराबाईनं बाहेर ओसरीवर बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं.

काल रोहिणी फोनवर एवढंच बोलली होती, "बाळाला तुमी घेऊन जावा. मी आता कामाची न्हाई." तो आवाज ऐकून तुळजाबाईनं लगेच रोहिणीच्या नवऱ्याला, पंडितला फोन लावला. त्याला पुण्याच्या कंपनीतून रजा मिळेना. मग आज सकाळी ती एकटीच बीडच्या दवाखान्यात गेली. मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे डिप्रेशन दिसतंय. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतं. औषधानं बरं होतं, पण तिला आजच घेऊन या."

तुळजाबाई खाली बसली. रोहिणीच्या पाठीवर हात ठेवला.

"आई, मला कायबी वाटंना," रोहिणी पुटपुटली. "बाळ रडतंय ते लई लांबून ऐकू येतंय. मीच वाईट हाय."

"वाईट न्हाईस. आजारी हायस. ऊठ, डॉक्टर वाट बघायलेत."

आवाज ऐकून सुंदरराव दारात आले. घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

"येड्याच्या डॉक्टरकडं? गावात कळलं तर धाकटीला कोण करून घेईल? आमच्या घरातलं आमी बघू. तुमी पाहुण्या, पाहुण्यावानी ऱ्हावा. चहा घ्या आन् जावा."

तुळजाबाईच्या मस्तकात तिडीक गेली.

"चहा? पोर मरायला टेकलीय आन् तुमाला चहा सुचतोय? हिचा पाय मोडला आसता तर अंगारा लावून ठिवली आसती का? उद्या ही हिरीत घावली, मग गावाला काय सांगताल?"

भिवराबाईनं तोंडात पदर कोंबला. सुंदररावांनी दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवलं.

तुळजाबाईनं रोहिणीला उठवून बसवलं. पदरानं कपाळाचा अंगारा खसाखसा पुसला, केस गोळा करून बांधले. लेकराला खांद्यावर टाकलं आणि दुसऱ्या हातानं तिला धरून उभं केलं. रोहिणी तिच्या आधारानं दाराकडं चालू लागली. बाहेर थांबलेल्या रिक्षावाल्या सलीमनं गाडी चालू केली.

"कुणाला इच्यारून नेताय?" सुंदरराव ओरडले. "मी बाप हाय तिचा!"

"बाप हायेत म्हणूनच इतका येळ ऐकून घेतलं," तुळजाबाई म्हणाली. "सरका आता. माझ्या सुनंला दवाखान्यात न्यायचंय."