तंबाखूचं प्रकरण

"एक पैसाही खाली यायचं नाही," नरहर सर म्हणाले. "सरकार देत होतं तेवढंच सांगायचं. मीही, तूही. ज्याला घेतील त्याला पूर्ण भावात घेतील."

"हो, सर," प्रणोती म्हणाली.

राइट टाउनमधल्या एका खासगी कॉलेजच्या व्हरांड्यात दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. अर्थशास्त्राची जागा एकच होती आणि बोलावलं होतं या दोघांनाच. प्रणोती सरांचीच विद्यार्थिनी, त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. झालेली. दोघंही आजवर सरकारी कॉलेजांत अतिथी विद्वान होते. मध्य प्रदेशात कंत्राटी प्राध्यापकाला असं भारदस्त नाव आहे. पर्मनंट माणूस बदलून आला की अतिथीने उठायचं. त्याला कागदोपत्री 'फॉलन आउट' म्हणतात, झाडावरून चिंच पडावी तसं. सर गेल्या वर्षी पडले, प्रणोती यंदा. गरज दोघांनाही सारखीच होती.

सरांनी खिशातून भाजक्या सुपारीची डबी काढून तिच्यापुढे धरली. तिने चिमूटभर घेतली. एक खांड टणक निघालं, ते तिने दाढेखाली कडकन फोडलं. सर हसले.

"चौकात भाव काहून पडत नाही? सांग बरं."

"तंबाखूचं प्रकरण," ती लगेच म्हणाली.

सरांच्या पुस्तकाचं ते प्रकरण तिनेच टाईप केलं होतं. सरांनी उभी हयात मजुरीच्या दरांवर घालवली होती. रांझीच्या लेबर चौकात सकाळ सकाळ जाऊन उभं राहायचं आणि बघत बसायचं. काम कमी, माणसं जास्त, तरी तिथला भाव खाली येत नाही, हे त्यांचं कोडं होतं. पुष्कळ दिवसांनी उत्तर सापडलं. जो भाव पाडतो त्याला कोणी मारत नाही, शिव्या देत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मळलेला तंबाखू पुढे केला, की तो कोणी घेत नाही. बस्स, एवढंच. आणि भाव पाडणारा तोंडाने कमी आकडा कधी सांगत नाही, हेही सरांनीच टिपलं होतं. तो हळूच म्हणतो, 'जो समझो, दे देना.' भोपाळच्या सेमिनारमध्ये सरांच्या या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या.

"नरहर जी!" शिपायाने हाक मारली.

आत संस्थेचे सेक्रेटरी बसले होते. सरांची फाईल त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

"आप तो मजदूरी के एक्सपर्ट हैं. आप ही बताइए, क्या रेट चल रहा है?"

सरांनी आकडा सांगितला. अगदी स्वच्छ आवाजात सांगितला.

"इसमें तो मैडम को न रख लूँ? आपसे बीस साल छोटी हैं." सेक्रेटरींच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. भाजीवाल्याशी बोलावं तसं ते बोलत होते. "चलो, ठीक है. बता देंगे."

'बता देंगे' सर वर्षभर ऐकत आले होते. सकाळी निघताना मनीषा, त्यांची बायको, दारात उभी राहून म्हणाली होती, "अहो, आज काहीही करा, पण 'हो' ऐकून या. माझ्यानं आता होत नाही." सर उठले, दारापर्यंत गेले, कडीला हात लावला. पाय बाहेर पडेना. चोपन्नाव्या वर्षी या दाराच्या पलीकडे दुसरं दार उरलं नव्हतं.

ते मागे वळले.

"सर," ते म्हणाले. त्या माणसाला त्यांनी पहिल्यांदाच सर म्हटलं. "आप जो समझो, दे देना."

बाहेर आले तेव्हा प्रणोतीने नुसत्या भुवया उंचावून विचारलं.

"ठरलं तेच," सर म्हणाले.

ती आत गेली. सर खुर्चीवर बसून देवाचं नाव घेऊ लागले, पण मागावं काय ते कळेना. तिने भाव धरून ठेवला तर नोकरी त्यांची होती. आणि ती धरून ठेवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच शिकवलं होतं तिला.

ती फार लवकर बाहेर आली.

"तुम्हाला घेतलं, सर. सोमवारपासून या म्हणून राहिले."

"आणि तू..."

"मी आपलं ठरलेलं सांगितलं." ती खाली फरशीकडे बघत होती. "तुम्ही काय म्हणालात तेही त्यांनी सांगितलं मला. म्हणे, सर तो बड़े समझदार हैं."

सरांना खूप काही बोलायचं होतं. मनीषाचं सांगायचं होतं, त्या दाराचं सांगायचं होतं. हात आपसूक खिशात गेला आणि डबी बाहेर आली. झाकण उघडून त्यांनी ती तिच्यापुढे धरली, नेहमीसारखी.

"नको, सर," प्रणोती म्हणाली.

म्हणाली आणि स्वतःच दचकली. तिने डबीकडे पाहिलं, मग सरांकडे. तिचे डोळे भरून आले.

"नाही हो सर, तसं नाही," ती घाईघाईने म्हणाली. "दाढ दुखून राहिली माझी. सकाळपासून."