डोक्यावर घेतलेला सिनेमा

नवरा त्या गाजलेल्या सिनेमाचं पुराण मित्राला ऐकवत होता आणि ती चहा ओतता ओतता मनातल्या मनात नाक मुरडत होती.

"नायक यंत्र लावून थेट बायकोच्या स्वप्नात शिरतो, तिच्या मनातलं शोधायला! काय डोकं लढवलंय!"

"वहिनी, तुम्हाला कसा वाटला?" मित्राने विचारलं.

"तिला काय कळणार? उशीला डोकं टेकलं की ढाराढूर. स्वप्नंसुद्धा पडत नाहीत तिला," नवराच बोलला.

"भिकार सिनेमा," ती म्हणाली. "बायकोला सकाळी नुसतं विचारलं असतं, तर पाच मिनिटांत आटोपला असता."

नवरा खो खो हसला. "अगं, विचारून ती सांगणार होती थोडीच!"

तिने कप त्याच्यापुढे सरकवला.

"सांगितलं असतं. इतक्या वर्षांत एकदा तरी विचारायचं होतंत."