एका हाताने वाचायचं

दादरच्या दुकानात शिरल्यापासून राजारामकाकांनी उजवा हात पँटच्या खिशातून बाहेर काढला नव्हता. काउंटरवरच्या मनवाने ते पाहिलं आणि हाताचं काहीतरी दुखणं असेल असं समजून आवाज जरा मऊ केला. तीन ई-बुक रीडर तिने स्वतःच खोक्यातून काढून त्यांच्यासमोर मांडले.

"मराठी नीट दिसतं ना ह्याच्यात?" काकांनी पहिला प्रश्न टाकला.

"दिसतं ना काका. अक्षर पण मोठं करता येतं, हे बघा."

"मोठं नको. नजरेला काही झालेलं नाही."

पहिला रीडर पाटीएवढा होता. काकांनी तो डाव्या हातात धरला आणि मिनिटभरात मनगट कलंडलं. दुसरा हलका होता, पण त्याचं पान काचेवर बोट फिरवून उलटावं लागे. ज्या हाताने धरायचं त्याच हाताच्या अंगठ्याने उलटायचं, म्हणजे कसरतच. आधी अंगठा पोचेना, आणि पोचला तेव्हा तीन पानं एकदम पुढे गेली. काका वैतागले.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. खिशातला उजवा हात फोनसकट सरळ कानाला लागला. चांगला धडधाकट हात. "हां सीमा, चारच्या आत येतंय. तिका सांग," एवढंच सुनेला सांगून काकांनी फोन ठेवला आणि हात परत खिशात घातला.

मनवा बघतच राहिली. "काका, हात तर बरा आहे तुमचा!"

"माझा बरा आहे गो. बायकोचा नाही. कमलला अकरा महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली. तिच्यासाठी घ्यायचाय. मग मी दोन हातांनी बघून काय उपयोग?"

खरंच होतं म्हणा. एवढी गिऱ्हाइकं येतात, मेमरी विचारतात, बॅटरी विचारतात, ऑनलाइन स्वस्त मिळतो म्हणून ऐकवून जातात. असा हात बांधून आलेला माणूस मनवाने पहिल्यांदाच पाहिला, आणि तो तिला फार आवडला. तिने तिसरा रीडर पुढे केला. त्याच्या उजव्या कडेला पान उलटायची दोन बटणं होती.

"पण ही उजवीकडे," काका म्हणाले.

"उलटा धरा. खालची बाजू वर."

काकांनी तो फिरवला. क्षणभर अक्षरं डोक्यावर उभी राहिली, मग आपोआप सरळ झाली. बटणं आता डाव्या अंगठ्याखाली होती. दाबलं, पान उलटलं. पुन्हा दाबलं, पुन्हा उलटलं.

"आयला!" काका मोठ्याने म्हणाले. "थांब, आता झोपून बघतो. ती पडूनच असते ना."

गिऱ्हाइकांसाठी भिंतीलगत एक सोफा होता. काकांनी चपला काढल्या आणि आपला सहा फुटी देह त्यावर आडवा केला. लोक वळून बघू लागले. मॅनेजर उठून येत होता, त्याला मनवाने लांबूनच हाताने थोपवलं. काकांनी डाव्या हाताने दहा-बारा पानं उलटली. रीडर एकदाही छातीवर पडला नाही.

"हाच," ते उठून बसत म्हणाले.

मनवा खूश झाली आणि विकणाऱ्याच्या सवयीने पुढे बोलून गेली, "काका, मोबाईलमध्ये एक ॲप टाकून देऊ? ते पुस्तक वाचून पण दाखवतं. त्यांना हात हलवायलाच नको."

"वाचून दाखवायला नको." काकांचा आवाज एकदम उतरला. "ते मी करतोय गेले आठ महिने. रोज चार ते पाच. बाजूला बसतो, पुस्तक दोघांच्या मध्ये धरतो. शिवडीच्या गोदामात पेट्यांवरचे नंबर वाचण्यात आयुष्य गेलं माझं, बोट ठेवून वाचतो. परवा वाचता वाचता सहज तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे पानाच्या तळाशी जाऊन थांबले होते. मी अजून वरच. आठ महिने बाई माझी वाट बघतेय, आणि एका शब्दाने बोलली नाही."

मनवा रीडर खोक्यात घालू लागली. मग न राहवून तिने विचारलं, "मग आता चार ते पाच तुम्ही काय करणार?"

हाच प्रश्न काकांनाही परवापासून छळत होता. कमलचं बाकी सगळं सून बघायची. तेवढा एक तास त्यांचा होता, आणि तो आपल्या हाताने घालवायला ते दादरला आले होते. वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोला? पण आडवं पडून पानं उलटताना त्यांना काहीतरी सुचलं होतं.

"तिथेच बसेन," ते म्हणाले. "दिवसात चार शब्द बोलते ती. चहा, पाणी, पंखा, पुरे. जीभ वळत नाही म्हणून कंटाळा करते. डॉक्टर सांगून दमले, बोलत राहा म्हणून. आता वाचताना ती कुठेतरी हसणार. हसली की मी विचारीन, काय गो, काय झाला?"

"आणि त्या नाही बोलल्या तर?"

"बोलेल. इतके दिवस गोष्ट दोघांनाही माहीत असायची. आता फक्त तिलाच माहीत असणार."