संख्या की सरडा?

"सकाळी म्हणे मूळ संख्या, दुपारी म्हणे नाही! संख्या आहे की सरडा?" गणिताच्या निवृत्त शिक्षिका देवस्थळीबाई कडाडल्या. त्याच वीस हजार अंकी संख्येचं उत्तर कॉम्प्युटरने तिसऱ्यांदा बदललं होतं. "सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या गाढवांना बाकावर उभं केलं पाहिजे!"

दुरुस्तीला आलेली रुबीना गालातल्या गालात हसली. आठवीत एका चुकलेल्या उत्तरापायी बाईंनी तिला तासभर बाकावर उभं केलं होतं. तिने कॉम्प्युटरला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"बाई, सॉफ्टवेअर बरोबर आहे. डबा भट्टीसारखा तापलाय, म्हणून गणितं चुकतात. चालू मशीनवर हे लोकरीचं कव्हर कुणी घातलं?"

धूळ बसू नये म्हणून बाईंनीच ते विणलं होतं, मोरांसकट.

खुर्ची मागे सारून बाई मुकाट उभ्या राहिल्या.